खतायच्या वाटेवरील प्रवासी : ब्रदर बेंतो द गोइश

धर्मग्रामाची ज्युबिली म्हणजे आजवर चाललेली वाट मागें वळून पाहण्याचा प्रसंग होय. वाटचाल हा शब्द आपण अशा वेळीं सहज वापरितों. परंतु ज्यांना ती खरोखर पायांनीं करावी लागली, अशा पुरुषांचें चरित्र वाचल्यावांचून त्या शब्दाचें मोल कळत नाहीं. ज्या काळीं मध्य आशियाच्या नकाशांतील मोठा भाग कोरा होता, तांड्यांच्या जनावरांनीं उमटविलेल्या खुणा म्हणजेच रस्ते होते, आणि दहा तोंडांतून पालटत आलेली कथा हीच बातमी होती, त्या काळीं आग्र्याहून निघून, हिंदुकुश व पामीर ओलांडून, मोठ्या वाळवंटाच्या कडेकडेनें चीनच्या भिंतीपर्यंत गेलेले ब्रदर बेंतो द गोइश हे अशा पुरुषांपैकीं एक होत. त्यांच्या प्रवासाची कीर्ति मोठी आहे. त्या प्रवासाची तयारी कशी झाली हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असतें. म्हणून, वाचकहो, या लेखांत त्या तयारीकडे विशेष लक्ष द्यावें, आणि तिच्यांतील काय कामास आलें व काय वायां गेलें हें पाहावें, असें योजिलें आहे.

बेंतो यांचा जन्म १५६२ मध्यें अझोर्स द्वीपसमूहांतील सांव मिगेल बेटावर व्हिला फ्रांका दो कांपो या गांवीं झाला. तारुण्यांत ते पोर्तुगालच्या सैन्यांत शिपाई होऊन हिंदुस्थानांत आले. परमुलुखांतल्या शिपायांचें जीवन बहुधा जसें असे तसेंच त्यांचेंही होतें; त्यांत धर्माचरणास फारसें स्थान नव्हतें. पुढें त्रावणकोरच्या किनाऱ्यावर असतांना एका लहानशा देवळांत, पवित्र मातेच्या मूर्तीसमोर, त्यांस आपल्या गत आयुष्याचा तीव्र पश्चात्ताप झाला. १५८४ मध्यें गोव्यांत त्यांनीं येशूसंघांत प्रवेश केला. परंतु मन अजून स्थिरावलें नव्हतें. ते संघ सोडून निघून गेले, आणि १५८८ मध्यें पुनः त्याच दारीं परत आले. यानंतर मात्र त्यांनीं माघार घेतली नाहीं. धर्मगुरूची दीक्षा घ्यावी असें त्यांस सुचविण्यांत आलें असतां त्यांनीं ती नाकारली, आणि साधा बंधु म्हणूनच ते अखेरपर्यंत राहिले.

१५९५ मध्यें अकबर बादशहाच्या विनंतीवरून येशूसंघाचें तिसरें मंडळ लाहोरास गेलें. त्यांत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यांतील फादर जेरोम झेवियर, फादर मानुएल पिन्हेइरो आणि ब्रदर बेंतो असे तिघे होते. दरबारांत राहून बेंतो यांनीं फारशी भाषा आत्मसात केली, आणि मुसलमान उमरावांच्या व व्यापाऱ्यांच्या चालीरीती जाणून घेतल्या. बादशहाबरोबर ते काश्मीरास गेले. पुढें त्याच्या दक्षिणेच्या स्वारींत खानदेशांतही आले, आणि बऱ्हाणपूर व असीरगड येथील युद्धाचे दिवस त्यांनीं पाहिले. १६०१ मध्यें अकबरानें गोव्यास वकील पाठविला, त्याच्या सोबतीस बेंतो यांचीच योजना झाली. सैनिकाचें कणखर शरीर, दरबाराची भाषा, डोंगराळ मुलुखाचा अनुभव आणि एकदां मोडून पुनः बांधलेलें मन, हीं त्यांच्याजवळ अगोदरच होतीं. तयारीचा पहिला भाग असा त्यांच्या नकळतच पुरा झाला होता.

ज्या प्रवासासाठीं त्यांची निवड झाली त्याचें मूळ एका ऐकीव वार्तेंत होतें. मार्को पोलो याच्या काळापासून युरोपांत कॅथे नांवाच्या एका वैभवशाली देशाची ख्याति होती. मध्य आशियांतील व्यापारी त्यासच खताय म्हणत. हा देश म्हणजेच चीन, कीं चीनच्या पलीकडील एखादें निराळें राज्य, हें कोणासही खात्रीनें सांगतां येत नव्हतें. तिकडे जाऊन आलेल्या एका वृद्ध मुसलमान व्यापाऱ्यानें फादर झेवियर यांस असें सांगितलें कीं, त्या देशांत येशूचे अनुयायी पुष्कळ असून त्यांचीं देवळें, मूर्ति व ब्रह्मचारी पुजारी आहेत. ख्रिस्तसभेपासून दुरावलेला एक मोठा समाज तेथें मार्गदर्शनावांचून पडला आहे, असा या वार्तेचा अर्थ घेण्यांत आला. फादर झेवियर यांनीं हें वर्तमान गोव्याचे वरिष्ठ फादर निकोलाव पिमेंता यांस कळविलें, आणि तेथून तें रोमला व पोर्तुगालच्या राजाकडे गेलें. याच सुमारास, १६०१ पासून पेकिंगमध्यें राहात असलेले फादर मत्तेओ रिच्ची यांनीं असें लिहिलें होतें कीं, खताय आणि चीन हे दोन देश नसून एकच आहेत. परंतु चीनमध्यें तर ख्रिस्ती समाज दिसत नव्हता. मग व्यापाऱ्यानें सांगितलेले ख्रिस्ती कोठले? या दोन वार्तांचा मेळ बसेना. तेव्हां कोणी तरी जमिनीच्या मार्गानें जाऊन डोळ्यांनीं पाहून यावें, असें ठरलें, आणि हें काम ब्रदर बेंतो यांच्याकडे आलें.

आतां तयारीस आरंभ झाला. पहिला प्रश्न वाटेचा. काश्मीर व तिबेट यांवरून एक मार्ग असल्याचें ऐकण्यांत होतें. परंतु एकट्या-दुकट्यास तो दुर्गम होता. उलटपक्षीं लाहोरहून काबूलमार्गें काशगरच्या राज्याकडे व्यापाऱ्यांचा मोठा तांडा जात असे. लांब असली तरी लोकांची वहिवाट असलेली वाट बरी, या विचारानें काबूलचा मार्ग पसंत करण्यांत आला. दुसरा प्रश्न वेषाचा. युरोपियन पोशाखांत त्या मुलुखांत पाऊल टाकणें अशक्य होतें, आणि मुसलमानाचें सोंग घेणें हा धर्मद्रोह झाला असता. आर्मेनियन व्यापारी मात्र ख्रिस्ती असूनही त्या सर्व प्रदेशांत जात येत असत. म्हणून बेंतो यांनीं केस व दाढी वाढविली, लांब झगा व पागोटें चढविलें, कमरेला तलवार व पाठीशीं धनुष्यबाण घेतले, आणि अब्दुल्ला इसाई हें नांव धारण केलें. त्याचा अर्थ ख्रिस्ती ईशसेवक असा होतो. अशा रीतीनें वेष पालटला तरी धर्म लपविला गेला नाहीं.

तिसरा प्रश्न पैशाचा. खर्चासाठीं अकबरानें चारशें सोन्याचीं नाणीं दिलीं, आणि वाटेंतील राजांना दाखविण्यासाठीं पत्रेंही दिलीं. बाकीची रक्कम मालाच्या रूपानें बरोबर घेतली. कारण व्यापाऱ्याच्या वेषांत माल नसेल तर तो वेष टिकत नाहीं, आणि वाटेंत नाण्यापेक्षां मालाचा उपयोग अधिक. चौथी गोष्ट फादर झेवियर यांनीं पुरविली. १६२० पर्यंतच्या पास्कादि सणांच्या तिथींचें एक कोष्टक त्यांनीं तयार करून दिलें. जेथें घंटा नाहीं, वेदी नाहीं, धर्मगुरू नाहीं, तेथेंही आज कोणता दिवस आहे हें कळावें, आणि जगांतील सर्व ख्रिस्ती लोकांबरोबर एका दूरच्या बंधूनेंही त्याच दिवशीं उपास व उत्सव करावा, हा त्यांतील हेतु. प्रवासाच्या सामानांत या कागदाचें वजन सर्वांत कमी असेल. परंतु त्याची किंमत कोणी करावी!

पांचवा प्रश्न सोबत्यांचा. दोन ग्रीक गृहस्थ बरोबर जाण्यास सिद्ध झाले : एक लेओ ग्रिमानो व दुसरा देमेत्रियस नांवाचा व्यापारी. याशिवाय चार नोकर देण्यांत आले होते. पण ते या कामास निरुपयोगी आहेत असें लाहोरांत ध्यानीं आल्यावर बेंतो यांनीं त्यांस परत पाठविलें, आणि त्यांच्या जागीं लाहोरांतीलच इसहाक नांवाचा एक आर्मेनियन ख्रिस्ती बरोबर घेतला. सर्व योजनेंत शेवटच्या घटकेस घडलेली ही निवड होती, आणि तीच पुढें सर्वांत मोलाची ठरली.

१६०२ च्या ऑक्टोबरअखेर बेंतो आग्र्याहून निघाले; ८ डिसेंबर रोजीं लाहोरास पोहोंचले; आणि १६०३ च्या उपवासकाळांत सुमारें पांचशें माणसांच्या तांड्याबरोबर त्यांनीं लाहोर सोडलें. अटक व पेशावर यांवरून पुढें जातां दरोडेखोरांचें भय इतकें वाढलें कीं चारशें शिपायांचा पहारा घ्यावा लागला. तरीही घाटांत वरून दगडांचा मारा होऊन कित्येक जण जखमी झाले, आणि खुद्द बेंतो यांस रानांत पळून जीव वांचवावा लागला. काबूलास पोहोंचल्यावर लेओ ग्रिमानो याची शक्ति संपली व तो माघारी फिरला. देमेत्रियस आपल्या व्यापारासाठीं तेथेंच थांबला. आतां बेंतो व इसहाक दोघेच उरले.

काबूलमधील एक प्रसंग येथें अवश्य सांगितला पाहिजे. काशगरच्या राजाची बहीण, जी खोतानच्या अधिपतीची आई होती, ती मक्केची यात्रा करून परतत असतां काबूलांत पैशावांचून अडकली होती. तिनें व्यापाऱ्यांकडे कर्ज मागितलें. बेंतो यांनीं आपल्या मालाचा कांहीं भाग विकून सहाशें नाणीं उभीं केलीं व तीं तिला दिलीं; व्याजाचा शब्दही लेखांत घालूं दिला नाहीं. व्यवहाराच्या दृष्टीनें पाहतां हें मोठें धाडस होतें. पुढें खोतान येथें तिच्याकडून त्या कर्जाची फेड उत्तम प्रतीच्या जेड पाषाणाच्या रूपानें झाली. या पाषाणास फारशींत यश्म म्हणतात. खतायमध्यें त्यास इतर कोणत्याही मालापेक्षां अधिक मागणी असे. जो माल कोणत्याही बेतानें हातीं आला नसता तो एका उपकारानें आला, आणि शिवाय राजकुटुंबाचा स्नेह जोडला गेला.

काबूलच्या उत्तरेस हिंदुकुश ओलांडून तांडा बदकशानांत व तेथून पामीरच्या पठारावर चढला. तेथें माणसाची वस्ती नाहीं, जळण नाहीं, आणि हवा इतकी विरळ कीं माणसांचा व जनावरांचा श्वास कोंडतो. या त्रासावर तेथील लोक लसूण, कांदा व सुकीं फळें खातात, आणि घोड्यांच्या हिरड्यांस लसूण चोळतात; तोच उपाय बेंतो यांनींही केला. तथापि त्यांचे पांच घोडे मेले. बर्फांत वाट काढतांना तांड्यांतील कित्येक माणसें गारठून मरण पावलीं. एकदां इसहाक काठावरून घसरून एका मोठ्या नदींत पडला, आणि आठ तास मृतवत् पडून राहिला. बेंतो यांनीं त्याची शुश्रूषा सोडली नाहीं, व अखेर तो शुद्धीवर आला. पुढें बेंतो दोघांना घेऊन पुढें गेले, पांच दिवसांत यार्कंद गांठलें, आणि मागें राहिलेल्यांसाठीं तेथून घोडे व अन्न पाठविलें. हा १६०३ चा नोव्हेंबर महिना होता.

यार्कंद ही त्या राज्याची राजधानी. काबूलकडील तांडे येथें संपत व खतायकडील तांडे येथून निघत. बेंतो यांस तेथें एक वर्ष काढावें लागलें, कारण पुढील वाटेचा कारभारच निराळा होता. चीनच्या बादशहाशीं झालेल्या ठरावाप्रमाणें पश्चिमेकडील राज्यांच्या बहात्तर व्यापाऱ्यांना दर सहाव्या वर्षीं आंत येण्याची परवानगी असे, आणि तीही व्यापारी म्हणून नव्हे, तर खंडणी आणणारे वकील म्हणून. तांड्याच्या प्रमुखाची जागा राजाला कस्तुरीच्या पिशव्या नजर करून विकत घ्यावी लागे, आणि इतरांनीं त्या प्रमुखाला देणग्या देऊन आपलीं नांवें त्या यादींत घालवावीं, असा प्रघात होता. जेड पाषाणाचें महत्त्व येथें कळून येतें. खोतानच्या नदींतून तो पाणबुडे काढीत. डोंगरांतील खाणींत खडक जाळून मऊ करून तो फोडीत. हा माल जवळ असल्यामुळेंच बेंतो यांस त्या बहात्तरांत जागा मिळाली.

१६०४ च्या नोव्हेंबरांत तांडा निघाला. अक्सू व कुचा हीं शहरें मागें टाकून ते चालिश, म्हणजे हल्लींचें काराशहर, येथें आले. तेथें पेकिंगहून परतणारे कांहीं मुसलमान व्यापारी भेटले. त्यांनीं सांगितलें कीं, खतायच्या राजधानींत परकीयांसाठीं असलेल्या सरकारी वाड्यांत आपण कांहीं परदेशी धर्मगुरूंच्या शेजारीं राहात होतों, आणि त्यांनीं बादशहाला घड्याळें, एक वाद्य व चित्रें नजर केलीं होतीं. इतकेंच नव्हे, तर खोलींतील केरांतून उचललेला एक कागदाचा कपटा त्यांनीं दाखविला. त्यावरील लेखन पोर्तुगीज भाषेंत होतें. ते धर्मगुरू म्हणजे फादर रिच्ची व त्यांचे सहकारी, याविषयीं बेंतो यांस आतां संशय उरला नाहीं. खताय म्हणजे चीन, आणि ज्या शहरास व्यापारी निराळ्या नांवानें ओळखीत तें शहर पेकिंग, हें निश्चित झालें. तीन शतकांचें कोडें त्या कपट्यानें सुटलें. परंतु त्याबरोबर हेंही उघड झालें कीं, ज्या विसरलेल्या ख्रिस्ती समाजासाठीं हा सर्व खटाटोप केला, तो वार्तेंत सांगितल्याप्रमाणें तेथें नव्हता. माघारी फिरण्यास हें कारण पुरेसें होतें. बेंतो मात्र फिरले नाहींत. सोंपविलेल्या कामाचा शेवट पेकिंगांत होता, आणि तेथवर जाणें हेंच त्यांनीं आपलें कर्तव्य मानिलें. चालिशच्या अधिकाऱ्यानें परवाना देतांना कोणता धर्म लिहावा असें विचारलें, तेव्हां त्यांनीं निर्भयपणें ख्रिस्ती असेंच लिहविलें.

तांड्याच्या प्रमुखाची वाट न पाहतां ते थोड्या लोकांसह पुढें निघाले. तुर्फान व हामी येथें एकेक महिना राहून त्यांनीं शेवटचें वाळवंट ओलांडण्यास आरंभ केला. तातारांच्या धाडींमुळें तेथें प्रवास रात्रींच व न बोलतां करावा लागे. अशाच एका रात्रीं बेंतो घोड्यावरून पडून निपचित राहिले, आणि सोबती न कळतां पुढें निघून गेले. मुक्कामावर पोहोंचल्यावर इसहाकास ते दिसेनात. तो एकटाच अंधारांत मागें फिरला, आणि येशूचें नांव घेत असलेल्या क्षीण आवाजाच्या रोखानें जाऊन त्यानें त्यांस शोधून काढलें. बेंतो यांनीं नदीकाठीं केलेल्या सेवेची फेड इसहाकानें वाळवंटांत केली. भिंतीच्या चियायुक्वान दरवाजाशीं पंचवीस दिवस परवानगीची वाट पाहून १६०५ च्या अखेरीस ते सूचौ शहरीं आले. त्या वेळीं त्यांच्याजवळ तेरा घोडे, पांच नोकर, दोन विकत घेतलेलीं मुलें व अडीच हजार डुकॅट किंमतीचा माल होता.

एवढ्या डोंगरांतून व वाळवंटांतून जी तयारी उपयोगी पडली ती येथें थिटी पडली. राजधानीस जाण्याची परवानगी मिळेना. चिनी भाषा येईना. बेंतो यांनीं रिच्ची यांस पत्र लिहिलें. पण पेकिंगमधील धर्मगुरूंनीं धारण केलेलीं चिनी नांवें व त्यांचा पत्ता ठाऊक नसल्यामुळें तें पोहोंचलेंच नाहीं. १६०६ च्या पास्काच्या सुमारास त्यांनीं दुसरें पत्र पाठविलें. तें नोव्हेंबरांत रिच्ची यांच्या हातीं पडलें. त्यांनीं ताबडतोब आपल्याकडील जुवांव फर्नांदिश नांवाच्या चिनी तरुणास रवाना केलें. वाटेंत शीआन येथें नोकरानें त्याचे पैसे चोरून नेले. तरीही तो तरुण भर हिंवाळ्यांत चालतच राहिला. दरम्यान सूचौंत बेंतो यांचे पैसे संपले, कर्ज झालें, माल स्वस्तांत विकावा लागला, आणि अखेर त्यांनीं अंथरूण धरलें.

१६०७ च्या मार्चअखेर फर्नांदिश येऊन पोहोंचला व पोर्तुगीज भाषेंत त्यानें त्यांस अभिवादन केलें. वर्षानुवर्षें न ऐकलेली ती भाषा ऐकून बेंतो यांच्या डोळ्यांस पाणी आलें. रिच्ची यांचीं पत्रें त्यांनीं उराशीं धरलीं, आणि प्रभूनें आपल्या सेवकाला आतां शांतीनें जाऊं द्यावें अशी आभाराची प्रार्थना केली. त्यानंतर अकराव्या दिवशीं, ११ एप्रिल १६०७ रोजीं, त्यांचें देहावसान झालें. तो पवित्र सप्ताहांतील बुधवार होता. धर्मगुरू जवळ नव्हता. शेवटचे संस्कार मिळाले नाहींत. पास्काचा सण चार दिवसांवर होता.

त्यांच्या मृत्यूबरोबर तांड्यांतील व्यापाऱ्यांनीं माल लुटला, आणि त्यांनीं मोठ्या काळजीनें लिहिलेली रोजनिशी फाडून टाकली. याचें कारण असें कीं, तिच्यांत त्या व्यापाऱ्यांकडील येण्याच्या नोंदी होत्या. सर्व प्रवासाचा वृत्तान्त ज्या वहींत सुरक्षित राहावा, तिचाच नाश त्या हिशेबामुळें झाला. इसहाक यास त्यांनीं बांधून ठेविलें व धर्म बदलण्यासाठीं धमकाविलें. तो डगमगला नाहीं. फर्नांदिश यानें अधिकाऱ्यांकडे फिर्याद नेली आणि पांच महिने ती चालविली. इसहाक हा मुसलमान असून मालकाला फसवीत आहे, असा कांगावा प्रतिपक्षानें केला, तेव्हां फर्नांदिश यानें बाहींतून डुकराचें मांस काढलें व दोघांनीं भर कचेरींत खाल्लें. लोकांत हंशा पिकला आणि दावा जिंकला. उरलेला कांहीं माल व रोजनिशीचे फाटके तुकडे घेऊन दोघे पेकिंगास गेले. तेथें रिच्ची यांनीं ते तुकडे व इसहाकाची आठवण यांवरून सर्व वृत्तान्त जुळविला. तो १६१५ मध्यें फादर निकोलास त्रिगो यांच्या ग्रंथांत प्रसिद्ध झाला, आणि खताय हा निराळा देश नव्हे ही गोष्ट युरोपच्या विद्वानांपुढें पुराव्यासह आली.

आतां इसहाकाचें काय झालें तें सांगून हें चरित्र पुरें करूं. तो मकाववरून हिंदुस्थानाकडे समुद्रमार्गें निघाला; सिंगापूरच्या सामुद्रधुनींत डच लोकांनीं त्याचें जहाज पकडलें; मलाक्काच्या पोर्तुगीजांनीं खंडणी भरून त्यास सोडविलें. हिंदुस्थानांत आल्यावर त्यास पत्नीच्या मृत्यूची बातमी कळली. मग तो मोगलाईंत परत गेला नाहीं. आपल्याच कोंकण किनाऱ्यावरील चौल येथें त्यानें वस्ती केली, आणि वरील ग्रंथ लिहिला गेला तेव्हां तो तेथें हयात होता. चौलच्या जुन्या अवशेषांत आज भटकणाऱ्यास ठाऊकही नसतें कीं, पामीरचें बर्फ व चीनची भिंत पाहिलेला एक वृद्ध आर्मेनियन एके काळीं याच नारळीपोफळींच्या सावलींत आपले अखेरचे दिवस काढीत होता.

ब्रदर बेंतो यांची तयारी पाहिली तर तींत उणीव काढणें कठीण आहे. वाट, वेष, द्रव्य, पत्रें, माल, सर्वांचा विचार झाला होता, आणि त्यांतील प्रत्येक गोष्ट कोठें ना कोठें उपयोगीही पडली. परंतु अखेरीस माल लुटला गेला, घोडे गेले, रोजनिशी फाटली. जी वार्ता खरी मानून ते निघाले तीही खोटी ठरली. उरलें तें इतकेंच : बिनव्याजी दिलेलें एक कर्ज, परवान्यावर निर्भयपणें लिहविलेला एक शब्द, आणि शेवटच्या घटकेस निवडलेला एक विश्वासू सोबती. त्या सोबत्यामुळेंच त्यांचें नांव आज आपणांस ठाऊक आहे. ज्या धर्मग्रामांतून पिढ्यान्‌पिढ्या असे सोबती निपजले, त्यांतील पुष्कळांचीं नांवें कोणत्याही ग्रंथांत नाहींत. ज्युबिलीच्या मिस्सेंत त्यांचें स्मरण होवो, आणि पुढील वाटेस आपणांसही तशी सोबत लाभो.